खणाला थोडी जागा



उन्हाळ्यात मी आयुष्यातलं पहिलं टेबल बनवलं. सूनबाई घरूनच ऑफिसचं काम करते, तिच्यासाठी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, खाली दोन खण. लाकूड जुन्या सागवानी दाराचं. फळ्या कापून द्यायला आणि रंधा धरायला शिकवायला गल्लीतले सुतारकाका होते. पण माप माझं आणि हट्टही माझाच. फटीत पोस्टकार्डसुद्धा शिरू नये असे खण बसवले. काका म्हणाले, "स्वल्प जागा बिड्री अक्का." थोडी जागा सोडा. मी म्हटलं, एवढं जुनं वाळलेलं लाकूड, आता काय फुगणार?

जुलैत धारवाडचा पाऊस लागला आणि दोन्ही खण अडकले. काकांनी समजावलं, लाकूड हवेतली ओल घेतं. लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं; इथे ती रुंदी म्हणजे खणाची उंची. सागवान कमी फुगतं, पण फुगतंच. कितीही जुनं असो.

त्याच आठवड्यात सून म्हणाली, "आई, फोन कुणाचा होता ते दर वेळी सांगायलाच हवं का?" मला फार लागलं. मी तर काळजीपोटी विचारत होते. पण काळजीसुद्धा इतकी घट्ट बसवली की समोरच्याला हलताच येत नाही.

मग जागा सोडणं म्हणजे दुर्लक्ष करणं का? तसंही नाही. फट फार ठेवली तर खण तिरका होतो आणि पुन्हा अडकतोच. काका म्हणतात, उन्हाळ्यात बनवताना पावसाळा आठवायचा. घरातही तसंच. सगळं गोड चाललेलं असतं तेव्हाच ही जागा ठेवावी लागते. भांडण झाल्यावर सुचून उशीर झालेला असतो.

तरी दुरुस्ती होते. खणाची वरची कड रंध्याने दोनदा तासायची, घालून बघायचं, मग पुन्हा दोनदा. एकदम खूप काढलं तर उन्हाळ्यात सैल होतो. मी सुनेला तासायला निघाले होते. तासायची होती माझीच कड.

खण आता सरकतात. माझं तासणं मात्र चालूच आहे. ओठांवर आलेला प्रश्न कधी गिळता येतो, कधी नाही.

आज रात्री जेवताना एकमेकांना विचारून बघा: आपल्या घरात कुणाचा खण अडकलाय?

— एक सेविका, धारवाड