वरून आलेला हुकूम

१९४३ च्या शरद ऋतूत बर्लिनमध्ये दोन बायका हातमोजे घालून टाइप करत होत्या. एरिका फॉन ट्रेस्को आणि मार्गारेट फॉन ओव्हन. कागदावर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून ही खबरदारी. मजकूर रुक्ष, लष्करी खाक्याचा. पण त्यात हिटलर मेला असल्याचं गृहीत धरलेलं होतं. माणूस धडधाकट, निम्म्या युरोपवर राज्य करतोय, आणि त्याच्या मरणानंतरचे हुकूम आधीच तयार होतायत. पकडल्या गेल्या असत्या, तर दोघींची थेट फासावर रवानगी झाली असती.

ब्रायन सिंगरचा ‘वाल्किरी’ हा २००८ सालचा चित्रपट बघताना माझं लक्ष बाँबपेक्षा या कागदांकडेच जास्त जातं. टॉम क्रूझने साकारलेला कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग म्हणजे डोळ्यावर काळी पट्टी, ताठ मान आणि थोडा जास्तच नायक. थरारपटाला जे लागतं ते सगळं आहे. पण सिंगर आणि पटकथाकार ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांचं मला खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. उत्तरार्धाचा मोठा भाग त्यांनी टेलिफोन, टेलिप्रिंटर आणि सह्या यांवर पेलला आहे. हाणामारी फारशी नाही. कोणता हुकूम आधी पोचतो, एवढीच शर्यत.

‘वाल्किरी’ ही मुळात सरकारचीच योजना. जर्मनीत तेव्हा लाखो परदेशी वेठमजूर राबत होते. त्यांनी उठाव केला, तर राखीव सेनेने शहरं ताब्यात कशी घ्यायची याचा तो आराखडा होता आणि त्याला हिटलरची मंजुरी होती. जनरल ओल्ब्रिख्त, एरिकाचा नवरा ट्रेस्को आणि श्टाउफेनबर्ग यांनी त्याच आराखड्याला आतून पीळ दिला. हिटलर मेला, पक्षातली काही मंडळी सत्ता बळकावू पाहतायत, तेव्हा सैन्याने त्यांना अटक करावी, अशी नवी मांडणी केली. म्हणजे एसएसच्या लोकांना पकडणाऱ्या शिपायाला आपण बंड करतोय हे कळायचंही कारण नव्हतं. तो बिचारा फक्त हुकूम पाळत असणार. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ‘वरून आदेश आलेत’ म्हटलं, की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तेच हे, फक्त रणगाड्यांसकट.

कट बुद्धिमान होता यात शंका नाही. पण त्याच्या पोटातच एक दुखणं होतं. हुकूमशाही उलथायची, पण कुणालाही हुकूम मोडायला सांगायचं नाही! आज्ञाधारकपणाच्या जोरावर उभी राहिलेली राजवट आज्ञाधारकपणाच्याच जोरावर पाडायची. असा आज्ञाधारकपणा शेवटी ज्याचा आवाज वरचा असेल त्याच्याकडेच जातो.

२० जुलै १९४४ चा घटनाक्रम अनेकांना ठाऊक असेल. ट्युनिशियात जखमी झालेल्या श्टाउफेनबर्गचा उजवा हात गेला होता, डावा डोळा गेला होता, डाव्या हाताला तीनच बोटं उरली होती. त्या तीन बोटांसाठी मुद्दाम वाकवून घेतलेल्या पक्कडीने त्याला बाँबच्या पेन्सिलीसारख्या फ्यूजमधली आम्लाची कुपी फोडायची होती. मुसोलिनी त्या दुपारी येणार म्हणून हिटलरच्या मुख्यालयातली बैठक अलीकडे ओढली गेली, घाई झाली. त्यात दारावर कुणीतरी हाक मारली. दोन स्फोटकांपैकी एकाचाच फ्यूज चालू करता आला. दुसरं नुसतं त्याच पिशवीत ठेवलं असतं, तरी पहिल्याबरोबर उडालं असतं. पण ते सहायकाकडे राहिलं आणि पुढे गाडीतून रानात फेकलं गेलं. बैठक काँक्रीटच्या बंकरमध्ये नव्हती, लाकडी बराकीत होती. उकाड्यामुळे खिडक्या उघड्या होत्या, स्फोटाचा दाब बाहेर निघून गेला. पिशवी टेबलाच्या जाड लाकडी आधारापलीकडे सरकवली गेली होती. चार माणसं मेली. हिटलरची विजार चिंध्या झाली, कान दुखावले, आणि तो संध्याकाळी मुसोलिनीला ती पडकी बराक दाखवत होता.

बर्लिनमध्ये मात्र तीनेक तास काहीच हललं नाही. मुख्यालयात असलेल्या कटातल्या फेलगीबेलकडून आलेला निरोप धड समजला नाही. ओल्ब्रिख्तने पाचच दिवसांपूर्वी, १५ जुलैला, हाच हुकूम अवेळी सोडला होता आणि मग तो सराव होता म्हणून निस्तरावं लागलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणार. राखीव सेनेचा प्रमुख फ्रोम हा दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. टॉम विल्किन्सनने तो असा रंगवलाय, की कुठल्याही खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस त्याला लगेच ओळखेल. हिटलर मेल्याची खात्री पटेना, तेव्हा तो अडून बसला. बाजू फिरल्यावर रात्री त्यानेच घाईघाईने श्टाउफेनबर्ग आणि ओल्ब्रिख्त यांच्यासह चौघांना अंगणात उभं करून गोळ्या घातल्या, म्हणजे त्याच्याबद्दल बोलू शकणारी तोंडं बंद व्हावीत. त्याचा फायदा झाला नाही. मार्च १९४५ मध्ये नाझींनी त्यालाही मारलं.

या सगळ्यात निर्णायक ठरला तो मेजर ओटो एर्न्स्ट रेमर. त्याच्या पहारा बटालियनने सरकारी भाग वेढला, प्रचारमंत्री गोबेल्सला अटक करण्याची वेळ आली. पण गोबेल्सच्या घरचा फोन तोडायचं राहून गेलं होतं. गोबेल्सने थेट हिटलरला फोन लावून दिला. पलीकडून विचारणा झाली, की माझा आवाज ओळखतोस का? रेमरने टाच जुळवली आणि तीच बटालियन उलटी फिरली. दुपारपासून रात्रीपर्यंत रेमर एकदाही बदलला नाही. तो दोन्ही वेळा हुकूमच पाळत होता.

अधिकाऱ्यांना इतकी वर्षं अडवलं ते शपथेने. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारल्यावर, २ ऑगस्ट १९३४ पासून, जर्मन सैनिक राज्यघटनेची नव्हे, तर हिटलर नावाच्या माणसाची शपथ घेऊ लागला. चित्रपटही त्या शपथेपासूनच सुरू होतो. पण तो एक गोष्ट बरीच झाकतो. हे अधिकारी काही पहिल्यापासून स्वच्छ नव्हते. पोलंडच्या स्वारीत असताना खुद्द श्टाउफेनबर्गने बायकोला लिहिलेल्या पत्रात तिथल्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल उघड तुच्छता आहे. त्याला बर्लिनला परतायला विमान मिळवून देणाऱ्या एडुआर्ड वाग्नरचा सोव्हिएत युद्धकैद्यांच्या उपासमारीत मोठा वाटा होता. कटातलाच आर्थर नेबे तर पूर्वेकडे हत्याकांडं करणाऱ्या पथकाचा प्रमुख राहिलेला. ट्रेस्कोसारख्याला त्या हत्याकांडांनीच पेटवलं, हेही खरं. धीर त्यांनी दाखवला, जीव दिला, म्हणून आधीचं पुसलं जात नाही.

ज्याच्यावर शपथेचं ओझंच नव्हतं असा एक माणूस त्यांच्या खूप आधी उठला होता. गेओर्ग एल्झर, सुतार. १९३९ मध्ये, हिटलर भाषण देणार होता त्या म्युनिकच्या बिअर-सभागृहात तो गिऱ्हाईक म्हणून जायचा, बंद होताना लपून राहायचा आणि रात्रभर गुडघ्यांवर बसून खांब पोखरायचा. असं तीसहून अधिक रात्री. ८ नोव्हेंबरला बाँब ठरल्या वेळी फुटला. धुक्यामुळे विमानाऐवजी रेल्वे पकडायची म्हणून हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला होता. आठ जण मेले, त्यात एक वाढपीण होती. एल्झरला ना कुणाची सही हवी होती, ना टेलिप्रिंटर. युद्धाकडे देश निघालाय एवढं त्याला १९३८ मध्येच दिसलं होतं. सेनापतींना ते दिसत नव्हतं असं थोडंच आहे. त्याच्यावरही सिनेमे निघाले, पण हॉलिवूडला श्टाउफेनबर्गसारखा काउंटच हवा असतो.

या कटाचा एक धागा आपल्याकडे येतो. परराष्ट्र खात्यात भारतविषयक विभाग सांभाळणारा आणि बर्लिनमध्ये सुभाषचंद्र बोसांशी कामाचा संबंध आलेला आडाम फॉन ट्रॉट या कटात होता. २६ ऑगस्ट १९४४ ला त्याला फाशी झाली. बोसांच्या तिथल्या केंद्रात एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थही होते. त्याच काळात भारतीय तुकडीचे सैनिक, भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचा उल्लेख असलेली का होईना, हिटलरच्या निष्ठेची शपथ घेत होते. सोय आणि निष्ठा यांची अशी गाठ पडली, की पुढे ती कुणालाच नीट सोडवता येत नाही. वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ घरोघरी असूनही, पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र खपतं आणि ‘शिस्तीला तसाच माणूस हवा’ हे वाक्य चहाबरोबर सहज निघतं. त्या शिस्तीचा उत्कृष्ट नमुना म्हणजे रेमर.

युद्धानंतर हा रेमर एका नव-नाझी पक्षाचा पुढारी झाला. १९५१ मध्ये भाषणांतून तो कटवाल्यांना देशद्रोही म्हणू लागला. ब्राउनश्वाइगचा सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर स्वतः ज्यू, नाझींनी छळछावणीत टाकलेला, मग देशोधडीला लागलेला. त्याने बदनामीचा खटला भरला. बाउअरने अटक-शिक्षेपेक्षा एकाच प्रश्नावर जोर दिला: जे राज्य स्वतःच कायद्याला धाब्यावर बसवतं, त्याचा द्रोह होऊ शकतो का? शपथ कधी सुटते हे सांगायला त्याने धर्मशास्त्राचे अभ्यासक साक्षीला बोलावले. न्यायालयाने बाउअरचं म्हणणं मान्य केलं आणि मार्च १९५२ मध्ये रेमरला तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती त्याने भोगली नाही, परदेशात पळाला.