एकाच दोऱ्याचं दुपटं (गीता ७.७)



आज सातव्या अध्यायातला सातवा श्लोक. भगवंत अर्जुनाला सांगतात की माझ्यापलीकडे दुसरं काहीच नाही. दोऱ्यात मणी ओवलेले असावेत तसं हे सगळं माझ्यात ओवलेलं आहे. दृष्टांत सोपा वाटतो, पण मला तो कायम अडायचा. मणी वेगळा, दोरा वेगळा. दोरा तुटला तरी मणी मणीच राहतो, घरंगळत कपाटाखाली जातो एवढंच. मग ‘दुसरं काहीच नाही’ कसं?

शके १२१२ मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी सांगताना माउलींनी इथे एक छोटीशी भर घातली. मणी सोन्याचे, आणि ज्यात ओवले तो दोराही सोन्याचाच. एका शब्दात सगळा घोळ मिटला. (आमच्या कामात याला बग फिक्स म्हणतात. गीतेबद्दल असं बोलल्यावर आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी तो शब्द मागे घेतलाय.)

हे सोनं मला नीट कळलं ते क्रोशाच्या सुईवर. दोन महिने शाहूपुरीत घरूनच काम चालू आहे आणि संध्याकाळी आत्याकडे क्रोशे शिकतोय. आत्याचे सासरे शाहू मिलमध्ये होते. राजर्षी शाहूंनी १९०६ साली सुरू केलेली ती गिरणी आता बंद आहे, पण आत्या अजूनही दोरा हातात घेतला की आधी पीळ बघते, मग रंग.

क्रोशात मणी नसतोच. आधी साखळी घालायची, मग तिच्यावर खांब. खांब, जाळी, फूल, कडेची झालर, बघताना सगळं वेगवेगळं दिसतं. प्रत्यक्षात एकच दोरा स्वतःतून स्वतःला ओढून घेत पुढे जातो. हजार टाके झाले तरी सुईवर जिवंत फास एकच असतो. तो सोडला आणि दोरा ओढला, तर सगळं उसवतं आणि हातात पुन्हा तोच दोरा येतो.

मी विणतोय ते ताईच्या बाळासाठी दुपटं. तिला सातवा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वीचं बाळ घरी आलं नाही. (हे तिला विचारूनच लिहितोय.) आपल्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत, पहिली झबलीसुद्धा कुणाच्या तरी घरची वापरलेली, मऊ झालेली आणतात. आई म्हणाली, शिकायचं तर शीक, पण रुमाल विण. ताईने मात्र सरळच विचारलं, “आधी विणलंस आणि परत तसंच झालं, तर त्याचं काय करशील रे?”

आता या श्लोकावरून एक तयार उत्तर देता येतं: टाके गेले तरी दोरा राहतो, शोक कशाला? तत्त्व म्हणून ते खोटं नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या हॉलमध्ये बसून, चहा घेत, लोकांनी ताईला हेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती पोथीच्या खोलीत फारशी येत नाही. माउलींचा दृष्टांत मला तरी असा वाचवत नाही. ते मणी खोटे ठरवत नाहीत. मणीही तितकाच सोन्याचा आहे, दोऱ्याहून रतीभरही कमी नाही, असं ते सांगतात. म्हणजे जो जीव काही महिनेच होता, तोसुद्धा पूर्ण त्याचाच होता. ती कुठली ट्रायल व्हर्जन नव्हती. तिचं रडणं म्हणजे अज्ञान नव्हे. सोनं हरवल्यावर माणूस रडणारच.

आणि उसवलेला दोरा कधी पाहिलाय का? तो सरळ होत नाही, नागमोडी राहतो. कुठे खांब होता, कुठे साखळी, ते त्याच्या अंगावर दिसतं. आत्या तो धुऊन, पिळून, खाली वजन बांधून वाळत घालते, तरी थोडी वळणं उरतातच. तोच दोरा ती पुन्हा वापरते, आनंदाने.

ताईला हे सगळं मी असं सांगितलं नाही. “विणणार आहे,” एवढंच म्हणालो. आईच्या मनासाठी आत्याने तोडगा काढला: शेवटची ओळ बाळ आल्यावर घालायची, तोवर फास सेफ्टी पिनमध्ये अडकवून ठेवायचा. दोरा सुती आहे, वीण घट्ट घेतोय, म्हणजे बारकी बोटं अडकायची नाहीत. दुपटं फक्त मांडीवर घेताना. झोपताना अंगावर सैल काही नको, असं डॉक्टरांनी बजावलंय.

काल ताई येऊन शेजारी बसली. ओळी मोजल्या, एकतीस. मग म्हणाली, कड पिवळी कर.

उद्या श्लोक आठवा, पाण्यातली चव. वाचायच्या आधी एक पेला पाणी सावकाश पिऊन या. जय हरी!