बंद दारामागचे प्रेम



आज हे पान आम्ही एका चित्रपटासाठी वापरणार आहोत. चित्रपट फ्रेंच भाषेतला आहे. त्याचे नाव ‘आमूर’, म्हणजे प्रेम. दिग्दर्शक ऑस्ट्रियाचे मिखाएल हानेके. २०१२ साली कान येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २०१३ साली परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. हानेके तरुणपणी विएन्ना विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचता वाचता ज्यांच्या डोळ्यांवर झापड यायची, त्या आम्हांला या चित्रपटाने एक अख्खी रात्र जागे ठेवले. म्हणून हा लेखप्रपंच.

चित्रपटातील जोडपे पॅरिसमध्ये राहते. जॉर्ज आणि ॲन. दोघांचीही ऐंशी उलटलेली, दोघेही निवृत्त संगीतशिक्षक. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन दूर राहते. एके सकाळी न्याहारी करताना ॲन एकाएकी गप्प होते. डोळे उघडे, पण समोरचा नवरा तिला दिसत नाही. थोड्या वेळाने ती शुद्धीवर येते, पण मधल्या काळात काय झाले ते तिला आठवत नाही. मानेतील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया होते, ती यशस्वी होत नाही, आणि ॲनची उजवी बाजू लुळी पडते. इस्पितळातून घरी आल्यावर ती नवऱ्याकडून एक वचन मागते : मला पुन्हा तिथे नेऊ नकोस.

जॉर्ज ते वचन पाळतो. तो तिला उचलतो, खुर्चीवर बसवतो, शौचाला नेतो, घास भरवतो. पुढे दुसरा झटका येतो. मग डायपर आले, अस्पष्ट बोल आले, तासन्तास चालणारे कण्हणे आले. हे सारे काम हातांनी केलेले एक माणूस आपल्याला दोन तास दिसत राहते. जॉर्जचे काम करणारे ज्याँ-लुई त्रँतिन्याँ त्या वेळी ऐंशीच्या घरात होते आणि ॲनचे काम करणाऱ्या इमॅन्युएल रिव्हा पंचाऐंशी वर्षांच्या. ऑस्कर सोहळ्याच्या दिवशीच त्यांचा शहाऐंशीवा वाढदिवस होता. आता दोघेही हयात नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचे म्हातारपण रंगवलेले नव्हते, म्हणूनच ते बघवत नाही.

आणि शेवटी काय होते? एक दिवस ॲन कण्हत असते. जॉर्ज तिच्याजवळ बसतो, तिचा हात कुरवाळत आपल्या लहानपणीची एक गोष्ट सांगतो. ती हळूहळू शांत होते. गोष्ट संपते. मग तो बाजूची उशी उचलतो आणि तिच्या तोंडावर दाबून धरतो.

चित्रपट पाहून उठलेल्या माणसांकडून आम्ही दोन प्रकारची उत्तरे ऐकली. पहिले असे : हा खून आहे, यात प्रेम कसले? दुसरे असे : यालाच खरे प्रेम म्हणतात, त्याने तिची सुटका केली. दोन्ही उत्तरे फार लवकर दिलेली आहेत, असे आम्हांला वाटते. पहिल्या उत्तरात जॉर्जने काढलेल्या रात्री विसरल्या जातात, दुसऱ्यात ॲन विसरली जाते.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की कोणत्याही कृतीची नैतिक पारख करताना तीन गोष्टी पाहाव्या : कृती स्वतः कोणती आहे, ती कोणत्या हेतूने केली, आणि कोणत्या परिस्थितीत केली. जॉर्जचा हेतू पाहा. तिच्या वेदना थांबाव्यात, हा हेतू होताच. पण स्वतःचा थकवा थांबावा, हा नव्हता का? आता यापुढे बघवत नाही, हे नव्हते का? माणसाच्या मनात हे धागे इतके गुंतलेले असतात की त्याचे त्यालाही ते सुटे करता येत नाहीत. परिस्थिती पाहा. झोप नाही, मदत नाही, वय ऐंशीच्या पुढे. अशा माणसाचा दोष किती, हे देवाने ठरवावे. ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातही हीच समज आहे. आजारी किंवा मरणासन्न माणसाला ठार करणे नैतिकदृष्ट्या कधीच मान्य होत नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे (परिच्छेद २२७७). प्रामाणिकपणे चुकीचा निर्णय घेतला गेला तरी कृतीचे स्वरूप बदलत नाही, असेही म्हटले आहे. म्हणजे कृतीला नाव द्या, पण माणसाच्या अंतःकरणाचा निकाल आपल्या हाती घेऊ नका.

मात्र इथे एखादा तरुण वाचक विचारील, आणि त्याने विचारावेच : फादर, मनात प्रेम असेल तर कृती वाईट का? नियम मोडला म्हणून?

नाही, नियमासाठी नाही. जर्मनीचे कॅथोलिक तत्त्वचिंतक योसेफ पीपर यांनी प्रेमावर एक पुस्तक लिहिले आहे. त्यातील मुख्य विचार आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याला सांगणे की तू आहेस हे चांगले आहे. तू गातेस म्हणून, स्वयंपाक करतेस म्हणून किंवा मला ओळखतेस म्हणून हे चांगले, असे त्यात येत नाही. तू आहेस, एवढेच. आता हे वाक्य उशी हातात घेऊन म्हणून पाहा. म्हणता येत नाही. त्या क्षणी आपण म्हणत असतो की तू नसणे हे अधिक चांगले. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असेल, पण वाक्य उलटे झालेले असते.

आणि या बाबतीत चित्रपटानेच आम्हांला एक पुरावा दिला. ॲन कण्हत होती आणि गोष्ट ऐकून शांत झाली. तिला शब्द किती कळले ते कोण सांगणार? पण हातावरचा हात कळला, आवाज कळला. लोक म्हणतील की तिच्यात आता काही उरले नव्हते. उरले होते. उशी उचलण्याआधीच्या त्याच काही मिनिटांत ते दिसले होते.

अर्थात खुर्चीत बसून असे लिहिणे सोपे असते. रात्री दोन वाजता चादर बदलायला धर्मगुरू येत नाही. म्हणून ख्रिस्तसभा काय मागते आणि काय मागत नाही, हेही नीट सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण याबाबत आपल्या घराघरांत विनाकारण अपराधी वाटून घेतले जाते. प्रत्येक उपचार शेवटपर्यंत चालवलाच पाहिजे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. जो उपचार फार भाराचा आहे आणि ज्याचा उपयोग त्या मानाने नाही, तो थांबवणे म्हणजे मारणे नव्हे. तिथे आपण मृत्यू घडवत नाही, तो अडवता येत नाही हे स्वीकारतो (परिच्छेद २२७८). तेव्हा ‘मला पुन्हा इस्पितळात नेऊ नका’ ही ॲनची विनंती पाप नव्हती आणि जॉर्जने ती मान्य केली हेही पाप नव्हते. वेदना शमवणारी औषधे देणे योग्यच आहे, त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरीही, फक्त मृत्यू हा हेतू असू नये. पोप पायस बारावे यांनी हे डॉक्टरांना १९५७ सालीच सांगितले होते. व्हेंटिलेटरला नाही म्हटले म्हणून ज्यांच्या मनाला अजून टोचणी आहे, त्यांनी कृपया हे वाक्य पुन्हा वाचावे. सोडायची नाही ती साधी शुश्रूषा : पाणी, स्वच्छता, कूस बदलणे, जवळ असणे.

पण हे सारे एकट्याने करायचे, असे कोणी सांगितले?

चित्रपट सुरू होतो तोच मुळी अग्निशमन दलाचे लोक फ्लॅटचे दार तोडतात तिथून. आत खोलीच्या दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केलेल्या असतात. त्यानंतर जवळजवळ सगळी कथा त्या फ्लॅटमध्येच घडते. इमारतीची राखण करणारे जोडपे सामान आणून देते, कौतुक करते आणि जाते. एक परिचारिका ॲनशी दांडगाईने वागते, जॉर्ज तिला काढून टाकतो. मुलगी येते, रडते, काहीतरी केले पाहिजे म्हणते, पण काय ते सांगत नाही. पुढे तर जॉर्ज ॲनच्या खोलीला कुलूप घालतो, मुलीने आईला या अवस्थेत पाहू नये म्हणून. तो सांगतो की यातले काहीच दाखवण्यासारखे नाही. त्याला बायकोची लाज नव्हती, तिची अब्रू राखायची होती. पण अब्रू राखता राखता दार बंद झाले, आणि बंद दारामागे एका माणसाच्या प्रेमाचा श्वास कोंडला.

आपल्याकडील एक प्रसंग इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अमानुष हल्ला झाला. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरण द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा तिला विरोध केला तो तेथील परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी. २०११ च्या मार्चमध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोर होऊ दिला गेला नव्हता, हे न्यायालयासमोर आले. मे २०१५ मध्ये न्युमोनियाने त्यांचा अंत झाला. त्या परिचारिका देवदूत होत्या म्हणून हे झाले नाही. पाळी संपली की त्या घरी जाऊन झोपत होत्या आणि दुसरी त्या जागी येत होती, म्हणून हे झाले. जॉर्जची पाळी कधी संपलीच नाही.

आता आमच्याविषयी. पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्ही दर पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जात असू. एका घरी एक वृद्ध बाई अंथरुणावर होत्या. मुले परदेशी, सेवा करणारा एकटा नवरा. आमची भेट दहा मिनिटांची. मेणबत्ती, क्रूस, पांढरे वस्त्र, सारे व्यवस्थित मांडून तो दारात उभा असे. आम्ही बाईंना ख्रिस्तप्रसाद देत असू, डोक्यावर हात ठेवत असू आणि निघत असू. एका शुक्रवारी तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, “फादर, तिच्यासाठी प्रार्थना करता तशी आज माझ्यासाठी पण करा. रात्री कधी कधी मला माझीच भीती वाटते.” आम्ही म्हणालो, “देव शक्ती देईल,” आणि स्कूटर चालू केली. पुढे आणखी सहा घरे होती.

तसे विपरीत काही घडले नाही. काही महिन्यांनी बाई आजाऱ्यांचा संस्कार घेऊन शांतपणे गेल्या. अंत्यविधीनंतर कोणीतरी सांगितले की शेजारची एक बाई रोज रात्री नऊ ते बारा रोझरी घेऊन आजारणीजवळ बसायची आणि म्हणायची, “तुम्ही जाऊन झोपा.” तेवढी तीन तासांची झोप त्या माणसाला मिळत होती. ती त्याला आमच्या उत्तरामुळे मिळालेली नव्हती. जे घडले नाही त्याचे श्रेय आमचे नाही. हा चित्रपट पाहताना आम्हांला तेच फाटक दिसत होते.

गेथसेमनी बागेत प्रभू येशूने शिष्यांकडे फार मोठे काही मागितले नव्हते. घटकाभर जागे राहा, एवढेच मागितले होते. ते झोपले. क्रूसाच्या वाटेवर किरेनेच्या शिमोनाने क्रूस उचलला, तोही सैनिकांनी धरून आणला म्हणून. शिमोनाने येशूचे मरण टाळले नाही, त्याला ते शक्यही नव्हते. त्याने वजन वाटून घेतले. आमच्या मते जॉर्जच्या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर इथे आहे. ‘मारू नकोस’ हे अर्धे उत्तर झाले. ‘मारू नकोस, आम्ही येतो’ हे पूर्ण. दुसरे अर्धे द्यायची तयारी नसेल, तर पहिले अर्धे सांगण्याचा अधिकारही आपला थोडा कमी होतो.

म्हणून एक विनंती. आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आहे. त्यांच्या सेवेत असलेल्यांची यादी नाही. ती आपण प्रत्येक वाडीच्या समूहाकडून करून घेणार आहोत. तुमच्या शेजारी असे कोणी असेल तर आजाऱ्याची चौकशी करून थांबू नका. सेवा करणाऱ्याला विचारा : काल रात्री किती झोप झाली? आणि शक्य असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसा. नवे काही शिकावे लागत नाही. हात धरता आला पाहिजे आणि एखादी जुनी गोष्ट सांगता आली पाहिजे.

ज्यांच्या घरचे दार सध्या बंद आहे, त्यांनीही ते थोडे किलकिले करावे. आपल्या माणसाची अवस्था दाखवण्यासारखी नाही, असे वाटून घेऊ नका. क्रूसावरचा प्रभूही दाखवण्यासारखा नव्हता, तरी त्याची आई तिथे उभी राहिली.

आम्हीही यापुढे स्कूटर जरा उशिरा चालू करू.

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर, विशेषतः आज रात्री जागे राहणाऱ्यांवर असो.

आपले धर्मगुरू