पहिलं वाण

मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, दाटीच्या वस्तीत, एक महिला बचत गट होता. गोष्ट कल्पनेतली आहे, तिच्यातला पेच मात्र खरा आहे. गटाची बैठक नळाचा दिवस टाळून ठरायची, कारण जायकवाडी धरणाचं पाणी कितीतरी दिवसांनी यायचं आणि त्या दिवशी ड्रम सोडून कुणी हलायचं नाही.

संक्रांत जवळ आली तशी गटाच्या सचिव ताईंनी विषय काढला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. मग आपलं हळदीकुंकू अजून जुन्याच वळणाचं का? यंदा पहिलं वाण गटातल्या विधवा बाईला द्यावं, असं त्यांनी सुचवलं.

गटात विधवा दोघीच, आणि त्या सख्ख्या जावा. थोरली घरी बसून साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. धाकटी चिकलठाणा एमआयडीसीत पॅकिंगला, पहिल्या पाळीला जायची. आधी त्यांनाच विचारायचं ठरलं.

थोरली म्हणाली, "मला नको. हे गेले तेव्हा कुंकू मी माझ्या मनाने सोडलं, कुणी पुसायला लावलं नव्हतं. माझं ऐकाल तर कुणालाच देऊ नका. पण द्यायचंच झालं तर मला द्या, हिला नको. ही तरणी आहे. कंपनीच्या गेटपासून गल्लीपर्यंत लोक हिला बोलतील. मला बोलून बोलून काय बोलणार?"

धाकटी म्हणाली, "मला हवंय. पण त्याहून जास्त मला वाटतं की अक्कांनी घ्यावं. आमचं घर त्यांनी ओढलं, पहिला मान त्यांचा. त्या घेत असतील तर मी नाही घेतलं तरी चालेल. त्या घेणारच नसतील, तर वाण तसंच ताटात ठेवू नका, मी घेईन."

सचिव ताईंनी प्रोसिडिंगची वही उघडली. गटाचा प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर' असाच लिहायची त्यांची पद्धत. थोरलीच्या कपाळाचा निर्णय थोरलीचा, म्हणजे तिला देण्यापेक्षा कुणालाच न देणं बरं. धाकटीच्या कपाळाचा निर्णय धाकटीचा, म्हणजे कुणालाच न देण्यापेक्षा धाकटीला देणं बरं. इथवर सरळ होतं. पण धाकटीला देण्यापेक्षा थोरलीला देणं बरं, असं तर दोघीही म्हणत होत्या आणि बाकीच्या बायकांच्याही माना डोलल्या. तिन्हींपैकी काहीही लिहिलं तरी त्याहून बरं असं दुसरं काहीतरी निघत होतं. ताई लिहीत गेल्या, खोडत गेल्या.

अमर्त्य सेन यांनी 1970 साली नेमका हाच पेच 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या नियतकालिकात जेमतेम सहा पानांत मांडला. त्यांच्या उदाहरणात दोन माणसं होती आणि 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीची एकच प्रत. प्रत्येकाला निदान एका खासगी बाबीत स्वतःचा शब्द चालवू द्यायचा आणि सगळ्यांचं एकमत झालं की तेही मानायचं, या दोन्ही अटी पाळणारी निवडीची रीत, लोकांची पसंती कशीही असली तरी चालेल अशी, असूच शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. हा निष्कर्ष मला अजून अस्वस्थ करतो. बहुमताची दांडगाई आपण ओळखतो, पण इथे अडचण एकमताची आहे, आणि तेही मायेतून झालेल्या.

एकीने तोडगा काढला. थोरलीने वाण घ्यावं, त्या बदल्यात धाकटीने कुंकू लावणार नाही असा शब्द द्यावा. दोघींच्या मनासारखं होतंय म्हणताना बैठक खूश झाली. तेवढ्यात कोपऱ्यातून एका म्हातारीने विचारलं, "आणि ही शब्द पाळते का ते बघायला रोज सकाळी कंपनीच्या बसपाशी कोण उभं राहणार? कपाळावर नजर ठेवायचीच होती तर आधीचं काय वाईट होतं?"

मला म्हातारीचं पटतं. शिवाय ठरावाने दिलेलं ठरावानेच काढूनही घेता येतं. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव केला आणि ऑगस्ट 1927 मध्ये तो स्वतःच फिरवला. तळ्यावरचा हक्क कोर्टात मान्य व्हायला 1937 साल उजाडलं. हेरवाडचा ठराव मोलाचा आहे, पण विधवेने कुंकू लावावं की नाही हे ग्रामसभेने ठरवायचं झालं, तर उद्याची ग्रामसभा उलटही ठरवेल.

बराच वेळ झाला. दिवेलागण झाली, तिळगुळाच्या डब्याचं झाकण कुणीतरी दोनदा उघडून लावलं. मग थोरली म्हणाली, "ताई, हिने घेऊ नये असं मला अजूनही वाटतं. मी ते लपवत नाही. पण ते वहीत मोजू नका. माझ्या कपाळाचं मी सांगितलं, तेवढं धरा. हिच्या कपाळाचं हिला विचारा."

सेन यांनीही पुढे जवळपास हीच वाट सुचवली. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीबद्दल आपल्याला काहीही वाटू शकतं, पण त्याचा हक्क मानणारा माणूस आपलं ते वाटणं निर्णयात धरायला लावत नाही. असा एक जण निघाला तरी गाठ सुटते. कायद्याने हे करवून घेता येत नाही, म्हणून थोरलीचं मला अप्रूप वाटतं.

पहिलं वाण धाकटीला मिळालं. वहीत त्याबद्दल ठराव लिहिला गेला नाही.

पुढचा विषय कर्जाचा होता. धाकटीला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं. थोरलीने लगेच विरोधात हात वर केला, आधीच्या कर्जाचे हप्ते फिटल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही म्हणाली. पैसा सगळ्यांच्या बचतीचा, म्हणून मतं मोजली. थोरलीचं म्हणणं बहुतेकींना पटलं आणि धाकटीचा अर्ज पुढच्या महिन्यावर गेला.