बादलीत किती उरलं?

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं लहानसं राज्य आहे. मॉर्गन जातीचे घोडे ही तिथली शान. १९६१ पासून मॉर्गन घोडा हा त्या राज्याचा अधिकृत प्राणी आहे. मार्च उजाडला तरी तिथल्या कुरणांवर बर्फ असतो. दिवसा ऊन पडतं, बर्फ वितळतो, रात्री पुन्हा सगळं गोठतं. याच हवेत मेपलच्या झाडांतून गोड रस वाहू लागतो, त्यामुळे रस गोळा करणारे खुशीत असतात. घोडे पाळणाऱ्यांची सकाळ मात्र पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडण्यापासून सुरू होते. मग खुरांत घट्ट बसलेले बर्फाचे गोळे काढायचे, लीद उचलायची, वाळलेलं गवत टाकायचं. खरारा करताना हातात केसांचे पुंजके येतात. दिवस मोठा होऊ लागला की घोडा हिवाळी केस टाकायला लागतो, भोवती बर्फ असला तरी.

या सगळ्यात एक काम इतकं छोटं आहे की पाहुण्याच्या ते लक्षातही येणार नाही. बादली भरण्याआधी तिच्यात डोकावायचं. काल रात्री ठेवलेल्या पाण्यापैकी किती उरलंय ते बघायचं. मोठा घोडा दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात तो हिरवं गवत चरतो, त्यातूनच पुष्कळ पाणी पोटात जातं. हिवाळ्यात खायला कोरडं गवत, म्हणजे वरून पाणी जास्त हवं. आणि नेमका थंडीतच तो कमी पितो. बर्फगार पाण्याला तोंड लावतो आणि मागे सरतो. मग आतड्यात चारा घट्ट होऊन अडकतो, पोटशूळ उठतो. घोड्याचा पोटशूळ जिवावरही बेतू शकतो. भोवती एवढा बर्फ आहे, तो खाईल की, असं आपल्याला वाटतं. पण तेवढं पाणी मिळवायला ढीगभर बर्फ खावा लागेल, आणि तो वितळवण्यात अंगातली ऊब जाईल. खरं तर उपाय साधा आहे. पाणी थोडं कोमट करून द्यायचं, जवळ मिठाचा खडा ठेवायचा. पण पाणी कमी जातंय हे आधी कळायला हवं, आणि ते कळतं बादलीतूनच. घोडा काही तहान लागली म्हणून हाक मारत नाही.

मला या डोकावण्याचं फार मोल वाटतं. न मागणारी माणसं आपल्याही घरात असतात. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. सासूबाईंना जाता जाता विचारलं, "पाणी प्यायलात ना?" की उत्तर येतं, "हो गं, प्यायले." त्या मनापासूनच सांगतात. त्यांना तहानच लागलेली नसते. उशाशी ठेवलेला तांब्या बघितला की नेमकं कळतं. मुलाची शाळेची बाटली, नवऱ्याच्या डब्यात उरलेली पोळी, यांचंही तसंच. प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि सकाळच्या घाईत आपल्या माणसाला काळजीत टाकणं कुणालाच नको असतं. नुसतं बघण्यात मात्र त्याच्यावर कसलाच भार पडत नाही. मोठ्या मायेची माणसं हे न बोलता करत असतात. त्यांनी कधी विचारपूस केल्याचं आठवत नाही, पण आपल्याला काय हवं ते त्यांना ठाऊक असतं.

आज निघण्याआधी तांब्याकडे नजर टाकून बघा. तो भरलेलाच असेल, आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल, तर पेलाभर पाणी कोमट करून हातात द्या. पिऊन होईपर्यंत दोन मिनिटं शेजारी बसा. पुष्कळदा तेवढ्यातच खरी गोष्ट बाहेर येते. गुडघे दुखतात, रात्री बाथरूमला उठायची धास्ती वाटते, म्हणून पाणीच टाळलं जातंय. एकदा हे समजलं की पुढचं घरात ठरवता येतं. पाणी दुपारपर्यंत जास्त द्यायचं, संध्याकाळनंतर कमी, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर एक लहान दिवा लावून ठेवायचा.