टेकडीची वाट

पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला जाणारे पुष्कळ. चिखल टाळायला आपण वाटेच्या कडेने चालतो, वाट रुंदावते, तुडवलेल्या मातीत गवत धरत नाही. मग पावसाळ्यात त्याच वाटेचा ओहोळ होतो आणि माती वाहून जाते. वाटेवर तिरकी दगडांची ओळ बसवली की पाणी बाजूच्या गवतात वळतं. तासाभराचं काम, पण किती मोलाचं! टेकडीवर झाडं लावायचा उत्साहही आपल्याला असतोच. मात्र गिरिपुष्प हे परदेशी झाड झपाट्याने पसरतं, त्याच्या दाटीत इथलं गवत दबतं. वनखात्याला विचारून त्याची रोपं काढावीत, सालई, मोई, पळस यांना जागा द्यावी. लावणारे हात जुलैत खूप मिळतात. एप्रिलच्या उन्हात पाण्याचे कॅन घेऊन चढणारे हवे आहेत.