बावीस मुलांची गोष्ट



माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलेच बोलावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ही रीत चांगली आहे. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्या पश्चात त्याच्या उणिवा काढत बसणे हा भ्याडपणा ठरतो. पण या रीतीच्या आड एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण सहसा विचारत नाही. बोलायचे ते चांगले असले की पुरे, की ते खरेही असले पाहिजे? स्तुती करताना चार गोष्टी पदरच्या घातल्या तर कोणाचे काय बिघडते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज एका खेळाडूची हकिगत सांगतो. त्याचे नाव जॉर्ज व्हेझिना. कॅनडातील क्वेबेक या फ्रेंच भाषिक, कॅथलिक प्रांतातील शिकुतिमी गावी २१ जानेवारी १८८७ रोजी तो जन्मला. वडिलांची बेकरी होती. शाळा सोडल्यावर तोही त्याच बेकरीत कामाला लागला. खेळ एकच, हॉकी. आपण ओळखतो ती मैदानावरची हॉकी. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरची. खेळाडू पायांत स्केट घालून गोठलेल्या बर्फावरून वेगाने घसरत जातात आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती काठीने मारतात. व्हेझिना गोलरक्षक होता. सुरुवातीची वर्षे तो साध्या बुटांवरच गोल राखत असे. सोळाव्या वर्षी गावच्या संघात आला, तेव्हा कुठे त्याच्या पायांत स्केट आले.

१९१० च्या फेब्रुवारीत माँट्रियल कॅनेडियन्स हा व्यावसायिक संघ शिकुतिमीला प्रदर्शनीय सामना खेळायला आला. पाहुण्या संघात जोसेफ कॅटारिनिच नावाचा गोलरक्षक होता. त्याने गावच्या पोराचा खेळ पाहिला आणि आपल्या संघाकडे आग्रह धरला, की या मुलाला घ्या. ही शिफारस लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. व्हेझिनाने आधी नकार दिला. डिसेंबरमध्ये तो तयार झाला. हंगामाला ८०० डॉलर ठरले आणि ३१ डिसेंबर १९१० रोजी ओटावाविरुद्ध तो पहिला व्यावसायिक सामना खेळला.

त्यानंतर पंधरा वर्षे तो एकही सामना चुकला नाही. साखळीतले सलग ३२८ सामने आणि त्याशिवाय अंतिम फेऱ्यांचे ३९. हे आकडे नीट समजून घ्यायला हवेत. त्या काळी गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटा नसे. सामन्यांत मुखवटा वापरण्याची रीत १९५९ नंतर रुळली. १९१८ च्या सुरुवातीपर्यंत तर चकती अडवण्यासाठी गोलरक्षकाने बर्फावर पडायचेही नाही, असा नियम होता. पडला तर दंड. म्हणजे रबराचा तो तुकडा अंगावर येत असताना उभे राहूनच तोंड द्यायचे. व्हेझिना इतका शांत असे की लोकांनी त्याला ‘शिकुतिमीची काकडी’ असे नाव ठेवले. काकडीसारखा थंड, हा त्याचा अर्थ. १९१६ आणि १९२४ साली त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. १९१७ मध्ये नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, एकही गोल न होऊ देता सामना संपवणारा त्या लीगमधला पहिला गोलरक्षक व्हेझिना ठरला. हंगाम संपला की तो गावी परते. तिथे त्याचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता.

१९२५ च्या हिवाळ्यात, हंगामाच्या तयारीच्या वेळीच त्याची प्रकृती ढासळलेली होती. वजन झपाट्याने उतरले होते. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात तो १०२ अंश ताप अंगात घेऊन गोलपुढे उभा राहिला. पहिल्या सत्रात त्याने गोल होऊ दिला नाही. मधल्या विश्रांतीत रक्ताची उलटी झाली. दुसऱ्या सत्रासाठी तो पुन्हा जागेवर आला आणि कोसळला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी क्षयरोगाचे निदान केले. २७ मार्च १९२६ रोजी शिकुतिमीच्या इस्पितळात तो वारला. वय होते एकोणचाळीस.

इथपर्यंतची हकिगत खरी आहे आणि ती पुरेशी आहे, असे तुम्हाला वाटेल. पण तेवढ्यावर कोणी थांबले नाही. संघाचा व्यवस्थापक आणि मालकांपैकी एक असलेल्या लिओ डँड्युरँडने वार्ताहरांना सांगितले, की व्हेझिनाला बावीस मुले आहेत, त्यांत तीन वेळा तिळी झाली आणि हे सारे नऊ वर्षांत घडले. वर्तमानपत्रांनी ते छापले. व्हेझिना गेल्यावर तर ही गोष्ट त्याच्या नावाला चिकटूनच बसली. किती वर्षे तरी लोक ती आदराने सांगत राहिले. प्रत्यक्षात व्हेझिना आणि त्याची पत्नी स्टेला यांच्या घरात वाढले ते दोन मुलगे. थोरला जाँ-ज्यूल, आणि धाकटा मार्सेल स्टॅन्ली. धाकट्याचा जन्म १९१६ चा चषक जिंकला त्याच रात्री झाला, म्हणून बापाने चषकाचे नाव मुलाला दिले.

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? डँड्युरँडला त्या माणसाविषयी माया होती. त्याने कोणाचे पैसे बुडवले नाहीत, कोणाची अब्रू घेतली नाही. थट्टेत बोलला असेल, किंवा लोकांच्या काळजाला हात घालावा म्हणून बोलला असेल. नीतिशास्त्रात या आक्षेपाला जुने स्थान आहे. संत थॉमस अक्वायनस खोट्याचे तीन प्रकार करतात: गमतीसाठी बोललेले, कोणाच्या उपयोगासाठी बोललेले आणि घात करण्यासाठी बोललेले. तिसरे सर्वांत गंभीर; पहिली दोन त्या मानाने हलकी. पण हलकी म्हणजे निर्दोष, असे ते म्हणत नाहीत. त्यांच्याही आधी संत ऑगस्टिन यांनी कोणत्याच खोट्याला सूट दिली नव्हती. आपल्याला हे कठोर वाटते. म्हणून तत्त्व बाजूला ठेवून या एका खोट्याने प्रत्यक्षात काय केले, तेवढेच पाहू.

पहिली गोष्ट. त्या थट्टेत एक बाई होती. नऊ वर्षांत बावीस मुले, हे ऐकून हसणाऱ्याला व्हेझिना आठवत होता. स्टेला कोणाला आठवत नव्हती. ती खरीखुरी विधवा होती आणि दोन खऱ्या मुलांना वाढवत होती. बावीस मुलांच्या गोष्टीत जाँ-ज्यूल आणि मार्सेल या दोघांना जागाच उरली नाही. स्तुती नवऱ्याची झाली आणि त्याचे घर मात्र पुसले गेले.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. आजारपणात व्हेझिना एकदा संघाचा निरोप घ्यायला कपडे बदलण्याच्या खोलीत आला होता. आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात तो बसला, डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि त्याने एकच मागणे मागितले. शेवटच्या अजिंक्यपद मालिकेत घातलेला स्वेटर आठवण म्हणून घरी नेऊ द्या, एवढेच. ऐकून गलबलून येते. पण हा प्रसंग सांगणारा कोण? तोच डँड्युरँड. प्रसंग खरा असेल, बहुधा असावाही. तरी बावीस मुले ऐकल्यावर मन क्षणभर अडखळते. खोट्याचा हा तोटा आपण हिशेबात धरत नाही. ते ज्याच्यापुरते बोलले जाते त्याच्यापुरते राहत नाही. त्याच तोंडून आलेल्या खऱ्यालाही त्याचा डाग लागतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अद्‌भुत गोष्ट ऐकली की आपण थक्क होतो आणि थक्क झालेला माणूस प्रश्न विचारत नाही. व्हेझिनाच्या अखेरच्या सामन्याविषयी एक साधा प्रश्न आहे. १०२ ताप असलेला, अंगातले मांस उतरलेला माणूस त्या रात्री गोलपुढे का उभा होता? मला इथे कोणावर आरोप करायचा नाही. क्षयावर औषध तेव्हा नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला. घरी थांबला असता तरी तो वाचला असता, असे म्हणता येत नाही. पण क्षय जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिले होते. तो एकापासून दुसऱ्याला होतो, हे १९२५ मध्ये नवीन नव्हते. म्हणजे त्या तापाशी त्याच्या घरच्यांचा आणि सोबत्यांचाही संबंध होता. ‘तो कधी कुरकुरला नाही’ हे व्हेझिनाविषयीचे गौरवाचे वाक्य आहे. तेच वाक्य उलटून वाचले तर ‘त्याला कोणी विचारले नाही’ असेही वाचता येते.

धैर्य आणि मूकपणा या दोन गोष्टी एक नाहीत. चकती तोंडावर येत असताना हलायचे नाही, हे धैर्य. ते त्याचे काम होते आणि ते त्याने पंधरा वर्षे चोख केले. शरीर आतून खचत असताना बोलायचे नाही, हा सद्गुण आहे की सवय, हे तपासून पाहावे लागते. ज्याला सगळे ‘थंड काकडी’ म्हणून ओळखतात, त्याला ‘मला बरे वाटत नाही’ एवढे म्हणणेसुद्धा जड जात असेल. आपण केलेली स्तुती कधी कधी माणसाला अशी बांधून टाकते.

मग स्तुती करूच नये का? अवश्य करावी. त्याच हकिगतीत खऱ्या स्तुतीचे दोन नमुने आहेत. कॅटारिनिच स्वतः गोलरक्षक होता. दुसऱ्या गोलरक्षकाची शिफारस करणे म्हणजे आपल्या जागेवर दुसऱ्याला बोलावणे. त्याने जे पाहिले ते सांगितले, आणि सांगण्यात त्याचा स्वतःचा लाभ नव्हता. खऱ्या स्तुतीला अशी किंमत मोजावी लागते. खोटी स्तुती फुकट असते, आणि सांगणाऱ्यालाच तीत चार टाळ्या मिळून जातात.

दुसरा नमुना आणखी बोलका आहे. १९२१ पासून कॅनेडियन्स संघ डँड्युरँड, कॅटारिनिच आणि लुई लेतूर्नो या तिघांच्या मालकीचा होता. व्हेझिना गेल्यावर त्यांनी १९२६-२७ च्या हंगामापासून त्याच्या नावाने एक करंडक लीगला दिला. ज्या संघावर सर्वांत कमी गोल होतील त्याच्या गोलरक्षकाला तो मिळे. पहिला मान मिळाला जॉर्ज हेन्सवर्थला, म्हणजे व्हेझिनाच्या जागेवर आलेल्या गोलरक्षकालाच. १९८१-८२ पासून संघांचे व्यवस्थापक मतदान करून विजेता ठरवतात. बावीस मुलांची गोष्ट आणि हा करंडक, दोन्ही देणाऱ्यांत डँड्युरँड होता. मनातली माया तीच. पण गोष्टीने व्हेझिनाला खरे होते त्याहून वेगळे केले. करंडक मात्र इतकेच सांगतो, की हा माणूस गोलपुढे उभा राहून चकती अडवत असे आणि ते काम चांगले करणाऱ्याला त्याचे नाव शोभते.

बंधुभगिनींनो, खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा आपल्याला निंदेच्या संदर्भात चटकन आठवते. स्तुतीच्या संदर्भात आठवत नाही. पण दफनविधीनंतरची भाषणे ऐका, मासिकातले श्रद्धांजलीचे मजकूर वाचा. सगळ्याच आया सोशिक, सगळेच वडील कष्टाळू, सगळेच हसतमुख आणि परोपकारी. नावे बदलली तरी मजकूर तोच राहतो. अशा मजकुरात गेलेला माणूस सापडत नाही. तो रागीट असेल, पण पहाटे उठून शेजाऱ्याच्या आजारी म्हाताऱ्याला दाढी करून देत असेल. ती फटकळ असेल, पण उसने घेतलेले परत केल्याखेरीज तिला झोप येत नसेल. अशी एक खरी आठवण दहा विशेषणांहून मोठी असते, कारण ती त्या एकाच माणसाची असते आणि ऐकणाऱ्याला तसे वागता येण्यासारखे असते. बावीस मुलांच्या बापाचे अनुकरण कोण करणार?

म्हणून पुढच्या वेळी एखाद्याविषयी चार शब्द बोलायची वेळ आली, तर आधी त्याच्या घरच्यांजवळ बसावे आणि नेमके काय घडले ते विचारावे. ठाऊक नसेल तिथे थांबावे. आणि ज्यांच्याविषयी आपण आजच ‘ती कधीच तक्रार करत नाही’, ‘त्याला कधी काही होत नाही’ असे अभिमानाने सांगतो, ती माणसे अजून आपल्या घरात आहेत. त्यांना आज जेवताना विचारून पाहा, की बरे वाटते ना? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आपला,
धर्मगुरू